फोरमनसाहेब चार्ज देतात

आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, दुसरं फोरमनचं. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे कुणी शिंकलं तर इकडे आम्ही रुमाल शोधतो. तेव्हा मी कान लावून ऐकते असं खालच्या मजल्यावरच्या बायका म्हणतात ते साफ खोटं आहे. कान लावायची गरजच पडत नाही.

फोरमन एके काळी खरोखरचे फोरमन होते. नट-बोल्टच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली बरीच माणसं होती. त्यांची बायको बस चालवते. शहरातली मोठी, लांबलचक बस. अंगापिंडानं ती बारीकच, पण स्टिअरिंगमागे बसली की समोरचे ट्रकवालेसुद्धा अंग चोरून घेतात. आम्ही तिला ड्रायव्हरबाई म्हणतो. आणि तिसरी त्यांची मुलगी, भोंगा. जन्मल्याबरोबर ती अशी काही रडली की बाप म्हणाला, "शिफ्ट सुटली वाटतं!" झालं, तेच नाव पडलं. शाळेत दुसरं काहीतरी नाव लावलंय, पण त्या नावानं हाक मारली की ती स्वतःच मागे वळून बघते, कोणाला बोलावलं म्हणून.

भोंगा रांगत होती तेव्हा कारखान्याला कुलूप लागलं. "दुसरी नोकरी लागेपर्यंत घराकडे मी बघतो," असं फोरमन म्हणाले, आणि बघता बघता ते घरात असे रुजले की विचारू नका. सुरुवातीला हात कारखान्याचाच होता. एक पातेलं तारेच्या ब्रशनं इतकं घासलं की त्यातून पलीकडचं दिसायला लागलं. कपड्यांना साबण असा मापला की फेस दाराखालून आमच्या उंबऱ्यापर्यंत आला. पण माणूस मुळात कसबी. पुढे त्यांच्या हातची भाजी अशी जमायला लागली, की तिचा वास भिंतीतून आला की आमचे हे आपल्या ताटाकडे बघून सुस्कारा सोडायचे. त्यांच्या घरात एक बिजागरी कुरकुरत नाही. घड्या घातलेले टॉवेल पाहिले तर वाटतं, यांचे कोपरे सुताराच्या गुण्यानं मापलेत. आणि भोंगाच्या वेण्या तर अशा सरळ आणि सारख्या, की शाळेतल्या बाई म्हणायच्या, "तुझ्या आईचा हात फार छान आहे गं." भोंगा म्हणायची, "हो, ती बस चालवते."

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ झाला तो पाहुण्यांमुळे.

एकदा बाईच्या डेपोतली मंडळी अचानक घरी आली. गाड्या कोणाला द्यायच्या ते ठरवणारे कंट्रोलरसाहेब आणि दोन कंडक्टर. फोरमननी दार उघडलं तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पिठात होते. साहेबांनी हात पुढे केला. फोरमननी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाले, "नको, भिंत बुजवत होतो. भेगा पडल्यात."

"कुठली भिंत?" कंट्रोलरसाहेबांनी आपुलकीनं विचारलं.

"आतली. स्वैपाकघराची. ओली आहे अजून."

मी तेव्हा तिथेच होते. रिकामी वाटी घेऊन गेलं की कुठल्याही घरात बसता येतं, हा माझा अनुभव आहे. ड्रायव्हरबाईनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढच्या क्षणाला ती आत जाऊन तोच पिठाचा गोळा मळायला लागली. मंडळी जेवून गेली. बोटं चाटत म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला काय चव आहे!" बाई म्हणाली, "छे, काहीतरीच."

त्या दिवसापासून ते नाटक सुरू झालं. धुणं फोरमन धुणार, पण गॅलरीत वाळत घालणार बाई, तेही ड्युटीच्या खाकी कपड्यात, सगळ्या गल्लीला दिसेल असं. बेल वाजली की फोरमन आमटीचा डाव तिच्या हातात देणार आणि खुर्चीवर पेपर उघडून बसणार. एकदा पेपर उलटा होता. एकदा गळ्यात एप्रन तसाच राहिला होता, तर मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणाले, "दाढी करत होतो." डेपोत बाईचा डबा उघडला की भोवती गर्दी व्हायची आणि कौतुक सगळं बाईच्या पदरात. घरी येऊन ती डबा ओट्यावर ठेवायची आणि थेट कपडे बदलायला जायची. आणि आणखी एक गंमत सांगते. लोकांसमोर ती त्यांना "अहो, ऐकलंत का" करते. भिंतीपलीकडून मात्र स्वच्छ ऐकू येतं, "अरे, माझा टॉवेल दे ना!"

या नाटकाचे प्रयोग आणखी कित्येक वर्षं चालले असते. पण बाईचा थोरला भाऊ मध्ये पडला. तो एका नव्या कारखान्यात मॅनेजर. मॅनेजर म्हटल्यावर कोणाला कुठे बसवायचं हे त्यालाच कळणार. सुट्टीच्या दिवशी आला, पंख्याखाली बसला, फोरमननी केलेला नाश्ता "वा, छोटी, सुरेख झालाय" असं बहिणीला सांगत संपवला आणि म्हणाला, "जावईबापू, किती दिवस असे बसून काढणार?"

आत बाईच्या हातून भांडं आपटलं; मी वाटी घेऊन तिथेच होते.

"तुमच्यासाठी जागा काढलीय. फोरमनचीच. सोमवारी यायचं, मी स्वतः न्यायला येतो. आणि छोटी, तू आता ती बस सोड. डेपोत तिकिटांच्या काउंटरवर अर्धवेळ जागा असते ना? ती मागून घे. घर बघ, पोरीकडे बघ. पुरुषानं बाहेर बघावं, बाईनं घरात बघावं. कसं?"

फोरमन म्हणाले, "वा!"

बाई म्हणाली, "वा वा!"

इतका आनंद मी फक्त दुसऱ्याच्या मुलाचा निकाल ऐकताना लोकांच्या तोंडावर पाहिलाय.

दुसऱ्या दिवशी फोरमन आमच्या दारात आले. हातात लसूण, सोलता सोलता बोलत होते. "वहिनी, बरं झालं नाही का? तिला जरा मान वर करून फिरता येईल."

"का हो, आत्ता खाली घालून फिरते?"

"डेपोत सांगते ना, स्वैपाक मीच करते म्हणून. माझं नाव सांगायची लाज वाटते तिला. वाटणारच. नवरा घरात भांडी घासतो असं कुठली बाई सांगेल?" त्यांनी एक पाकळी सोलली आणि ती सालांतच टाकली. "मला काय, मशीन तर मशीन. फक्त मशीनला कांदा परतल्याचा वास येत नाही. आणि भोंगाच्या वेण्या कोण घालणार, बघू. हे आपलं तुमच्याजवळ. तिला नका सांगू. शपथ आहे."

त्याच संध्याकाळी जिन्यात ड्रायव्हरबाई भेटली. "ताई, झालं बाई एकदाचं. तो ताठ मानेनं चालेल आता."

"मान दुखत होती का त्यांची?"

"थट्टा नको हं. डेपोतले लोक पहिल्यांदा आले तेव्हाच मला कळलं. पीठ लपवून भिंत बुजवतो म्हणाला! लाज वाटते त्याला घरकामाची. म्हणून तर मी खोटं सांगत आले, त्याला कमीपणा नको."

"आणि बस?"

"बस काय, कोणीही चालवेल." असं म्हणून ती जिना उतरली, वळणावर सवयीनं उजवा हात बाहेर काढून. "त्याला नका सांगू हं. शपथ आहे तुम्हाला!"

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? तो तिच्यासाठी कढई सोडणार, ती त्याच्यासाठी बस सोडणार, आणि दोघांनाही त्यातलं काही नको होतं. एका वाक्यात उलगडा झाला असता. पण दोघांनी शपथ घातलेली. मी वरच्या मजल्यावर सांगितलं, खालच्या मजल्यावर सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. पण या दोघांना कसं सांगणार? तो विश्वासघात झाला असता.

फोरमन मग रीतसर चार्ज द्यायला लागले. कारखान्यात जाणारा माणूस येणाऱ्याला खातं समजावून देतो ना, तसं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला भिंतीचाही आधार घ्यावा लागला नाही.

"तेल तापलं हे कशावरून कळतं?" बाईनं विचारलं. कढईचे दोन्ही कान तिनं स्टिअरिंगसारखे धरले होते.

"कांद्याचा एक तुकडा टाकून बघ. हळूच नाचला पाहिजे."

"काटा वगैरे नसतो का कुठे?"

"नसतो. अगं, आच केवढी केलीस! डायरेक्ट चौथ्या गिअरमध्ये? पहिल्यात उचल, पहिल्यात."

"मग तसं सांग ना आधी. मंद आच, मंद आच काय लावलंय!"

कांदा जळला. दुसरा घेतला, तो कच्चा राहिला. तिसऱ्याला फोरमनचा हात आपोआप पुढे झाला, तेव्हा तिनं तो झटकला. "मी करते म्हटलं ना! तुझ्या बसमध्ये मी कधी... म्हणजे माझ्या बसमध्ये तू कधी हात घालतोस का?" आणि मग दोघंही उगाच खूप हसले, आणि एकदम थांबले.

वेण्यांचा चार्जही त्याच दिवशी दिला गेला. ड्रायव्हरबाईनं पोरीला समोर बसवलं, दात-ओठ खाऊन केस ओढले आणि वेणी अशी घट्ट घातली की भोंगाच्या भुवया वर चढल्या. दिवसभर त्या पोरीच्या चेहऱ्यावर सगळ्या जगाचं आश्चर्य होतं. आमच्या ह्यांनी तिला नुसतं "कशी आहेस?" विचारलं, तर तिचा चेहरा बघून स्वतःच दचकले.

आमच्या ह्यांचं मत मात्र पक्कं होतं. "पुरुषानं घरात बसू नये," असं ते सोफ्यावर लोळून मला सांगत होते. "अगं, तो पंखा जरा वाढव."

सोमवार उजाडला. खाली मेहुण्याची गाडी हॉर्न वाजवत होती. फोरमननी कारखान्याचा जुना शर्ट चढवला होता. पोटाशी एक बटण लागत नव्हतं, तिथे त्यांनी हात धरला होता. ड्रायव्हरबाईचाही तो काउंटरवरचा पहिलाच दिवस. तिनं हट्टानं स्वतः डबा केला होता. मेहुणा वर येऊन जिन्यात उभा राहिला. बाईनं नवऱ्याच्या हातात डबा दिला. डोळे दुसरीकडे.

फोरमन म्हणाले, "झाकण नीट बसलंय का बघतो."

झाकण कशाला बघतायत! उघडून बोट घातलं, चाखलं, आणि त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. "मीठ?"

"आहे."

"कुठाय?"

मेहुणा म्हणाला, "अहो जावईबापू, चला. तिथे कँटीन आहे."

"तसं नाही चालणार. लोक चाखून बघतील. उद्या म्हणतील, डेपोत हिचं एवढं नाव आणि नवऱ्याला हा डबा? हिचं नाव खराब होईल."

"माझं कुठलं नाव?" बाई तडकली. "खोटं आहे ते सगळं!"

"मग सांगत कशाला होतीस खोटं? माझी लाज वाटते म्हणूनच ना?"

"लाज? मला?" आणि इथे ती लोकांसमोरचं 'अहो' विसरली. "अरे, तू भिंत बुजवलीस म्हणून मी खोटं बोलले! तुलाच लाज वाटत होती!"

वरची दारं उघडली. खालची उघडली. आमचं तर उघडंच होतं.

"मी भिंत बुजवली," फोरमन म्हणाले, आणि बटणापाशी धरलेला हात सुटला तो सुटलाच, "कारण तुझे साहेब आले होते. त्यांना वाटलं असतं, या बाईनं नवऱ्याला पीठ मळायला बसवलंय. तुझी नाचक्की झाली असती."

"माझी? मला वाटलं तुझी!"

"मला वाटलं तुझी!"

मग बाई हळू आवाजात म्हणाली, "तुला हवीय का ही नोकरी?"

"मला लागलेली तुला हवीय ना?"

"मी विचारलं त्याचं उत्तर दे."

"नाही. मुळीच नाही. मला त्या मशीनच्या आवाजात पुन्हा नाही जायचं. आणि तुला ते काउंटर?"

"काचेमागे दिवसभर बसायला मी काय मासा आहे?"

एवढं ऐकल्यावर मला राहवेना. "अहो, हे मला दोघांनी कधीच सांगितलं होतं," मी म्हणाले. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाटी पदराखाली घेतली.

मेहुणा घामाघूम झाला होता. "अगं पण मी वर सांगितलंय जावई येतोय म्हणून! आता काय सांगू? आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते," मी त्याला धीर दिला.

पण बाईचं लक्ष घड्याळाकडे गेलं होतं. आजपासून तिची बस दुसऱ्या ड्रायव्हरला दिलेली, आणि ती थोड्याच वेळात डेपोतून निघणार होती. एकदा निघाली की कायमची त्याच्या नावावर. "दादा, किल्ली," ती म्हणाली आणि भावानं देण्याआधीच ती त्याच्या हातातून घेतली. ज्या गाडीतून फोरमन कारखान्यात जाणार होते, ती तिनं डेपोकडे फिरवली. भाऊ बाजूला बसला होता. नंतर कधी विषय निघाला की तो फक्त एवढंच म्हणतो, "छोटी चालवते चांगलं. मी डोळे उघडले नाहीत."

डेपोत नवा ड्रायव्हर तिच्या सीटवर बसून आरसा नीट करत होता. बाईनं त्याला तसाच थांबवला आणि कंट्रोलरसाहेबांना गाठलं. साहेब चिडले. "काउंटर तूच मागितलंस. आज नको म्हणतेस. कारण काय?"

"घर सांभाळायला नवरा आहे, साहेब. आधीपासून तोच सांभाळतो. डबासुद्धा तोच करतो."

साहेब हसायला लागले. त्यांच्यामागे कंडक्टर हसले. "तो भिंतीवाला? तो डबा? बाई, कारण सांगायचं तर पटेल असं सांगावं."

"मग या घरी आणि बघा."

"येतो. आजच येतो. खरं निघालं तर बस तुझी. नाही निघालं तर उद्यापासून काउंटर, आणि परत या विषयावर बोलायचं नाही."

हे मला तिनं दुपारी फोनवर सांगितलं. फोरमनना नाही सांगितलं. म्हणाली, "तयारी केली तर ते खोटं दिसेल. असतो तसाच असू दे." मी मात्र संध्याकाळपासून वाटी घेऊन तिथेच जाऊन बसले. साक्षीदार लागतो.

बेल वाजली तेव्हा फोरमन मसाला परतत होते. गॅसवर अशी वेळ होती, की हात काढला तर सगळं गेलं. मला वाटलं, आता हा माणूस पेपर शोधतो. त्यांनी पेपर घेतला असता, तर बाईची बस गेली होती.

त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. कढईकडे पाहिलं. आणि ओरडले, "दार उघडंय! चपला बाहेर! आणि जो कोणी असेल त्यानं आधी हात धुवा!"

कंट्रोलरसाहेब, दोन कंडक्टर आणि तो नवा ड्रायव्हर रांगेत आत आले. मागे आमची ड्रायव्हरबाई. साहेब स्वैपाकघराच्या दारात उभे राहून नुसते बघत राहिले. फोरमननी मान वर न करता त्यांच्या हातात सुरी ठेवली. "उभे काय राहिलात? टोमॅटो चिरा. मसाला थांबत नाही कोणासाठी."

ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं ड्रायव्हर सरळ उभे राहतात, त्या साहेबांनी टोमॅटो चिरले. फोरमननी एक फोड उचलली, दिव्यापाशी धरून पाहिली. "हे काय, विटा पाडताय? लहान हवेत, आणि सारखे. पुन्हा."

"सॉरी," साहेब म्हणाले.

एका कंडक्टरला ताटं पुसायला लावलं. दुसऱ्याला भोंगाचं गणित बघायला सांगितलं. त्याचं चुकलं, भोंगानं दुरुस्त केलं. नव्या ड्रायव्हरला पाणी भरायला पाठवलं. ड्रायव्हरबाईला मात्र कुणी काही सांगितलं नाही. ती खुर्चीवर बसली होती, पाय लांब करून, आणि नवऱ्याकडे बघत होती. सिग्नल हिरवा झाला की जशी बघत असेल, तशी.

मंडळी जेवली. पहिल्या घासालाच साहेबांचे डोळे मिटले. "हाच," ते म्हणाले. "हाच तो डबा." ताट उचलून मोरीकडे निघाले, फोरमननी घासणी पुढे केली, त्यांनी मुकाट्यानं ताट घासलं. आणि पाठमोऱ्यानंच म्हणाले, "उद्या पहाटे वेळेवर ये, बाई. बस तुझीच. तो आरसा या पोरानं हलवलाय, तेवढा नीट करून घे."

नव्या ड्रायव्हरनं मान खाली घातली. फोरमननी त्याला आणखी भात वाढला.

निघताना साहेब दारात माझ्यापाशी थांबले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "तुम्ही शेजारी ना? एक विनंती. मी टोमॅटो चिरले, ताट घासलं, हे आमच्या घरी कळता कामा नये. नाहीतर माझं काही खरं नाही."

"छे हो, साहेब," मी म्हणाले. "मी कशाला कुणाला सांगते?"

ते निश्चिंतपणे जिना उतरायला लागले. त्यांचं घर नक्की कुठल्या गल्लीत आहे, एवढं मात्र मी सहज विचारून घेतलं.